न ऐकू येणारा आवाज

शिडीवरच्या माणसाचा हात वर गेला होता… आणि तो काही केल्या खाली येईना.

सत्यभामा दवाखान्याच्या फाटकातून आत येत होती. तिला आधी वाटलं, पेंटर आपलंच काम न्याहाळत थांबलाय. भिंतीवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण झाला होता. त्याच्याखाली आई, बाप आणि दोन मुलं हसत होती. बापाचे तेवढे डोळे काढायचे राहिले होते. फेब्रुवारीचं कोवळं ऊन भिंतीवर पसरलं होतं. ती शिडीजवळून पुढे निघाली आणि वरून लाल रंगाचा डबा सुटला.

डबा तिच्या पायाशी आपटला. पांढऱ्याशुभ्र कोटावर कमरेपर्यंत लाल शिंतोडे!

"अरे बापा! माफ करा, सिस्…" आवाज वरून आला आणि मध्येच तुटला. त्यानं खाली वाकून तिच्याकडे पाहिलं होतं. पुढचा शब्द त्यानं चक्क गिळून टाकला. "माफ करा… म्हणजे… लागलं त नाही ना?"

"आधी खाली या."

"येता येऊन नाही राह्यलं."

"काहून?"

"हात अडकला. उतरतच नाही."

ती रागावणारच होती. पण त्याचा चेहरा पांढरा पडलेला दिसला, कपाळावरचा घाम दिसला, आणि राग तिथेच विरला. तिनं दवाखान्यातल्या आयाबाईला, शेवंताबाईला, हाक मारली. दोघींनी शिडी धरली. तो एका हातानं चाचपडत खाली उतरला. सत्यभामेनं त्याच्या कोपराखाली आपला तळवा धरला आणि तो अवघडलेला हात हळूहळू, हळूहळू खाली आणला. त्यानं डोळे मिटून घेतले होते. पापण्यांवरही लाल रंगाचा बारीक शिंतोडा होता.

"कधीपासून दुखते?"

"दिवाळीपासून."

"आन् इतके दिवस दवाखान्यात नाही आले?"

त्यानं एक डोळा उघडला. "येतच होतो ना… भिंतीपर्यंत त पोचलो."

शेवंताबाई खुदकन हसली. सत्यभामेनं ओठ घट्ट मिटले, पण गालावरचं हसू काही तिला लपवता आलं नाही.

सत्यभामा नागपूरची. मेडिकलमध्ये तिनं व्यायाम, शेक आणि विजेच्या यंत्रांनी उपचार करायचं शिक्षण घेतलं होतं. बालाघाटच्या या लहानशा धर्मादाय दवाखान्यानं १९७३ च्या सुरुवातीला एक नवीन अल्ट्रासाऊंडची मशीन आणली, आणि ती चालवायला वैशाखापर्यंत म्हणून सत्यभामा आली. राखाडी रंगाची पेटी, त्यावर एक काटा, आणि वायरीच्या टोकाला मुठीत मावेल अशी धातूची गोल चकती. बस, एवढीच मशीन. गावात मात्र तिचं नाव 'आवाजाची मशीन' असं पडलं होतं, आणि लोक कान टवकारून तिच्यासमोर बसत.

पेंटरला आत नेलं. शेवंताबाईनं नाव विचारलं.

"घनश्याम."

शेवंताबाईनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा हिच्याकडे. "आन् ह्या आमच्या सत्यभामाताई. घ्या! देवानंच जमवून धाडलं म्हणा."

"मावशी, काम करा तुमी," सत्यभामा म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. कोटाशी जुळतील इतके.

एक्स-रे काढणारे दुलीचंदभाऊ हिंदीतच बोलत. त्यांनी ओली प्लेट उजेडासमोर धरली. खांद्याच्या हाडाखाली, जिथं काही असायला नको, तिथं तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका होता. डॉक्टरसाहेबांनी समजावून सांगितलं, "हात उचलणारी जी दोरी असते ना स्नायूची, तिच्यात चुना साठलाय. खडा झालाय त्याचा."

"चुना?" घनश्याम चकित झाला. "साहेब, मी त तंबाखूही खात नाही!"

"दीवारों को लगाते-लगाते कंधे को लग गया होगा," दुलीचंदभाऊ गंभीरपणे म्हणाले, आणि सगळे हसले.

डॉक्टर हसले नाहीत. "आपण ही मशीन देऊन बघू. त्यानं जमलं तर उत्तम. नाहीतर नागपूरला ऑपरेशन. पण ऑपरेशननंतर हात पहिल्यासारखा डोक्याच्या वर जाईल, याची खात्री मी देणार नाही."

घनश्यामचं हसू मावळलं. ज्याचं सगळं काम डोक्याच्या वर, त्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो येऊ लागला. खिडकीजवळच्या स्टुलावर बसायचा, शर्टाची एक बाही काढायचा आणि कमालीचा लाजून भिंतीकडे बघायचा. सत्यभामा त्याच्या खांद्यावर थंड पातळ तेल लावायची आणि ती गोल चकती हळूहळू फिरवत राहायची. खिडकीबाहेर काटेसावर लालभडक फुलली होती. एखादं फूल धप्पकन खाली पडायचं, आणि तो दचकायचा.

"काही ऐकूच येऊन नाही राह्यलं," पहिल्या दिवशी तो म्हणाला.

"येणारही नाही. आपल्या कानाच्या पलीकडचा आवाज हाये हा."

"मग कोण ऐकते?"

"तुमचा खांदा."

तो विचारात पडला. "खांद्यानं काय ऐकलं ते मले कसं समजन?"

"बरा झाला की समजन."

असं बोलणं वाढत गेलं. एकदा त्यानं सांगितलं, बैहरच्या जंगलातल्या एका गावात तो भिंत रंगवत असताना अख्खं गाव भोवती बसलं होतं, आणि एका म्हातारीनं त्याला विचारलं होतं, 'बाबू, तुझी दोन मुलं कुठं हायेत?' सत्यभामा हसून हसून चकती धरायची विसरली.

"मग काय सांगतलं तुमी?"

"म्हटलं, आजी, आधी मायच भेटली नाही त्याइची." तो भिंतीकडे बघत म्हणाला.

चकती पुन्हा फिरू लागली.

दवाखान्यात सगळेच तिला 'ताई' म्हणत. डॉक्टरसुद्धा. घनश्याम मात्र नाही. 'ताई' नाही, 'सिस्टर' नाही, 'बहनजी' तर नाहीच. त्याला हाक मारायची असली की तो खाकरायचा, नाहीतर "ऐका ना…" म्हणायचा. हे सगळ्यांत आधी शेवंताबाईच्या ध्यानात आलं. तिनं ते सत्यभामेच्या ध्यानात आणून दिलं, आणि त्यानंतर त्याचं प्रत्येक "ऐका ना…" सत्यभामेला जरा जास्तच ऐकू येऊ लागलं.

एकदा तो त्याच्या वस्तीतल्या विहाराबद्दल बोलला. लोकांनी स्वतः विटा वाहून, स्वतः माती कालवून ते बांधलं होतं. समोरची मोठी भिंत कोरी ठेवली होती. वैशाख पौर्णिमेपर्यंत घनश्यामनं तिथं बुद्धाचं चित्र काढायचं, असं सगळ्यांनी ठरवलेलं.

"माय रोज त्या भिंतीले हात लावून येते," तो म्हणाला. "बाबा गेले तेव्हा पाया भरून झालता फक्त. त्याइनंच म्हटलं होतं, चित्र पोरगा काढन." मग एकदम त्यानं विषय बदलला. "आज बराच आराम हाये. हात वर जाऊन राह्यला."

"खरं?"

"हौ. खरंच."

सत्यभामेचा चेहरा असा उजळला की त्याला पुढे काही बोलवेना. त्यानंतर ती रोज विचारायची आणि तो रोज म्हणायचा, "आराम हाये." तिनं डॉक्टरांनाही आनंदानं सांगितलं, मशीन लागू पडली म्हणून.

मार्च सरत आला. हवेत मोहाच्या फुलांचा गोडसर वास दाटला होता. एका दुपारी शेवंताबाई बाजारातून आली आणि पिशवी खाली ठेवत सहज म्हणाली, "तुमचा पेंटर दिसला होता. केस डाव्या हातानं विंचरून राह्यला होता बिचारा. उजवा त आता छातीच्या वर जातच नाही."

सत्यभामेनं नोंदवही उघडून पाहिली; त्याच्या नावापुढं रोज 'आराम' लिहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो आला. तिनं तेलाची बाटली उघडलीच नाही.

"हात वर करा."

"आज जरा…"

"वर करा म्हणते ना."

हात छातीपर्यंत आला आणि थरथरत थांबला.

"इतके दिवस खोटं बोलले तुमी?" तिनं बाटली बाजूला सारली. "काहून?"

तो मान खाली घालून बसला. मग फार हळू म्हणाला, "तुमी विचारत होत्या… तवा तुमचा चेहरा… नाही कसं म्हणू, समजलंच नाही. आन् नाही म्हटलं असतं त साहेबानं नागपूरले धाडलं असतं. मंग इथं येणं बंद झालं असतं."

ते शेवटचं वाक्य तिला नीट ऐकू आलं. पण राग त्याहून मोठा होता.

"ह्या मशीनले डोळे नसतात, समजलं? आवाज कुठं जाऊन राह्यला, मले दिसत नाही. तुमी सांगान तेवढंच मले दिसते. तुमीच खोटं सांगितलं त मी आंधळ्यासारखी चकती फिरवत राह्यली ना इतके दिवस!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "त्या भिंतीचं काय आता?"

घनश्यामनं प्रथमच तिच्याकडे सरळ पाहिलं. "चुकलं माझं. आता खोटं बोलणार नाही. कधीच नाही."

ती उठली आणि दुलीचंदभाऊंच्या खोलीत गेली.

दोघांनी जुनी प्लेट पुन्हा उजेडावर लावली. सत्यभामा कितीतरी वेळ त्या पांढऱ्या ठिपक्याकडे बघत उभी राहिली. ठिपका हाडाच्या बरोबर खाली होता. जणू छपराखाली दडून बसलेला.

"भाऊ, हा आवाज हाडातून जात नाही," ती हळूच म्हणाली. "मी वरून सोडून राह्यली, आन् वर छप्पर हाये. खड्यापर्यंत काही पोचतच नसन."

"तो छप्पर हटा दो," दुलीचंदभाऊ म्हणाले.

"छप्पर नाही हटत. पण खडा हटन का?" ती स्वतःचाच हात हलवू लागली. वर, पुढे, आणि मग पाठीमागे, कमरेवर. पाठीमागे नेल्यावर खांद्याची ती दोरी हाडाखालून पुढे ओढली जाते, हे तिनं पुस्तकात वाचलेलं होतं. आज ते बोटांखाली जाणवलं. "हात असा मागे नेला त… खडा छपराबाहेर येईन!"

नागपूरला तिच्या सरांनी एकदा सांगितलं होतं, परदेशात म्हणे वाटीसारखी खोलगट चकती करतात. भिंगानं ऊन गोळा करावं तसा सगळा आवाज आत एका ठिकाणी गोळा होतो. पण भिंग कितीही चांगलं असलं तरी ते धरायचं कुठं, ते आधी दिसायला पाहिजे, असं सर म्हणायचे. तिची चकती साधी होती, बॅटरीच्या झोतासारखा आवाज सरळ सोडणारी. म्हणजे तिनं तर फारच नेमकं धरायला हवं होतं.

तिनं डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून तिचं बोलणं ऐकलं आणि म्हणाले, "कल्पना चांगली आहे. करा. मीही येतो."

घनश्यामला खुर्चीवर बसवलं. हात पाठीमागे नेताना तो कळवळला.

"दुखते?"

"हौ. लय दुखते," तो म्हणाला. आणि इतक्या दुखण्यातही तिला बरं वाटलं.

शिशाच्या तारेचं एक छोटं कडं तिनं त्याच्या खांद्यावर चिकटपट्टीनं लावलं. एक्स-रेमध्ये कडंही दिसणार होतं आणि खडाही. म्हणजे चामडीवरची कुठली जागा खड्याच्या समोर येते, ते समजलं असतं. दुलीचंदभाऊ अंधाऱ्या खोलीत गेले. बाहेर सगळे प्लेटची वाट बघत थांबले. प्लेट आली. खडा छपराबाहेर निघाला होता! पण कडं एकीकडे आणि खडा दुसरीकडे. सत्यभामेनं कडं सरकवलं. पुन्हा प्लेट. पुन्हा थोडी चूक. मग एक बाजूनंही काढली, खडा किती खोल आहे ते बघायला.

शेवटची प्लेट दुलीचंदभाऊंनी टपटप पाणी गळत असतानाच बाहेर आणली. "बहनजी, हाथ मत लगाना, गीली है… लेकिन देखो!"

काळ्या प्लेटवर पांढरं कडं, आणि त्याच्या मधोमध तो खडा. घरट्यातल्या अंड्यासारखा.

तिनं कडं काढलं आणि त्याच जागी जांभळ्या औषधानं गोल काढला. "आता खोल दुखलं की लगेच सांगा. लपवू नका."

"नाही लपवत."

चकती त्या गोलावर टेकली. थोड्या वेळानं तो म्हणाला, "ऐका ना… आत काहीतरी होऊन राह्यलं. खोल. दात ठणकते ना, तसं."

तिनं लगेच मशीनचा जोर कमी करून काटा मागे घेतला. "पोचला," ती पुटपुटली. "आवाज पोचला."

मग रोज तसंच. हात पाठीमागे, जांभळा गोल, आणि त्याचं खरंखुरं बोलणं. आज दुखलं. आज कमी. काल रात्रभर झोपलो नाही. आज शर्ट स्वतः घातला. त्या खऱ्या बोलण्याचीच सत्यभामेला सवय लागली. तो उशिरा आला तर ती उगाच फाटकापर्यंत जाऊन यायची. एप्रिलमध्ये पुन्हा प्लेट काढली तेव्हा खड्याच्या कडा धुरकट झाल्या होत्या, पाण्यात टाकलेल्या बत्ताशासारख्या. आणि एका सकाळी तो दारात येऊन उभा राहिला. उजवा हात उचलला… छातीच्या वर, डोक्याच्या वर, आणि थेट चौकटीच्या वरच्या लाकडाला लावला.

शेवंताबाईनं टाळ्या वाजवल्या. सत्यभामेला टाळ्या वाजवणं सुचलं नाही. ती नुसती त्याच्या हाताकडे बघत राहिली, आणि तो तिच्याकडे.

वैशाख पौर्णिमेला वस्तीतल्या विहारात ती शेवंताबाईबरोबर गेली. भिंत आता कोरी नव्हती. पिंपळाखाली बसलेले बुद्ध, मिटलेले डोळे, आणि ओठांवर इतकं शांत हसू की आत येणारा प्रत्येक जण आपोआप हळू बोलायला लागे. घनश्यामची आई रुख्माबाई सत्यभामेजवळ आली. तिचे दोन्ही हात हातात घेऊन बराच वेळ उभी राहिली.

बाहेर पिवळ्या-निळ्या पताका वाऱ्यावर फडफडत होत्या. घनश्याम खिरीची वाटी घेऊन आला.

"उद्या चालल्या म्हणे तुमी?"

"हौ. दुपारच्या गाडीनं. गोंदियाले बदलायची."

"आन् मशीन?"

"मशीन इथंच राहीन. डॉक्टरसाहेब म्हणतात, तुमीही कायमच्या इथंच राहा."

त्याच्या हातातली वाटी कलली. "मंग? काय सांगतलं?"

"म्हटलं, घरी विचारून सांगते." तिनं खिरीचा एक घास घेतला. "घरी बरंच काही विचारा लागन."

त्यानं पताकांकडे बघितलं, चपलेकडे बघितलं. खाकरला. "ऐका ना…"

"ऐकून राह्यली."

"मी… म्हणजे मायले घेऊन… नाही, आधी मी एकटाच… नागपूरले येऊ का?"

"कशाले?"

"तुमच्या बाबाले भेटाले."

"त्याइच्याकडं काय काम हाये तुमचं?"

त्यानं एक मोठा श्वास घेतला. "खोटं बोलत नाही म्हटलं होतं, म्हणून सांगतो. तुमच्याशिवाय मले करमणार नाही. खांदा बरा झाला तवा पहिल्यांदा वाईट वाटलं मले… आता कोणत्या बहाण्यानं यावं म्हणून."

सत्यभामेनं वाटी खाली ठेवली. पदर सारखा केला.

"बाबा रविवारी दिवसभर घरीच असतात."

आणि मग ती घाईघाईनं पत्ता सांगू लागली. इतवारी स्टेशनवरून कसं यायचं, पाण्याच्या टाकीपाशी कुठं वळायचं, कोणत्या गल्लीत शिरायचं नाही. तो मान डोलावत होता. त्यातलं एक अक्षरही त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं.

तरी तो पोहोचला. पहिल्याच रविवारी, भर उन्हात. नवा सदरा, हातात मोहफुलांच्या लाडवांचा डबा, आणि घामानं चिंब. दार तिच्या बाबांनी उघडलं.

"कोण पाहिजे?"

गाडीत पाठ केलेलं सगळं वाक्य घनश्याम विसरला. "मी… बालाघाटहून… माझा खांदा…"

"खांदा?" बाबा गोंधळले. "दवाखाना नाही बाबू हा. कोणाकडं यायचं हाये तुले?"

आतून बांगड्या वाजल्या. सत्यभामा पीठ लागल्या हातांनीच बाहेर आली. बाबांच्या शेजारी उभी राहिली.

"बाबा, मी बोलावलं याइले," ती म्हणाली. आवाज जराही डगमगला नाही. बाबांनी लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग दारातल्या घामेजलेल्या पोराकडे, आणि काय समजायचं ते समजून हळूच बाजूला सरकले.

तो अजून उंबऱ्याबाहेरच होता. इतके दिवस तो तिच्यासाठी 'तुमी' होता. दवाखान्यात, विहारात, भांडतानासुद्धा.

"उन्हात काहून उभा हायेस?" ती म्हणाली. "ये ना आत."